पलीकडच्या काठावरचं झाड

३ मार्च
आपलं झाड पेटलं! नदीच्या पलीकडच्या काठावरचं बेरेंबांग. वरच्या अंगाला पामच्या बागांसाठी जंगल तोडलं, तेव्हापासून त्यावर एक काजवा नव्हता. आज सगळ्या फांद्या एका तालात लुकलुकत होत्या. बाबांची खाट खिडकीशीच — किती वेळ बघत होते. याच काजव्यांसाठी जन्मभर लोकांना होडीतून फिरवलं त्यांनी. आता पायांत जोर नाही.

क्लांग शहरातल्या कारखान्यातली नोकरी नको म्हणून कळवून टाकलं. काजवे आले म्हणजे होडी चालणार. मग कशाला जाऊ?

६ मार्च
होडीतल्या एक बाई हट्टच धरून बसल्या, झाडाजवळ न्या म्हणून. काजवे बुजू नयेत म्हणून नव्याने पेटलेल्या झाडाजवळ पहिला महिनाभर होडी नेत नाहीत इथे. लुकमान माझ्या बाजूने बोलला — "ताई म्हणते ते बरोबर आहे." बरं वाटलं. धाकट्याला अक्कल आली म्हणायची.

११ मार्च
धो धो पाऊस. अशा पावसात काजवे पानांखाली दडतात. दोन्ही काठ काळेठिक्कर. आपलं झाड मात्र लुकलुकतंच आहे.

१२ मार्च
सकाळी एकटीच होडी घेऊन गेले. फांदीफांदीवर हिरवी तार, बारीक दिवे. खोडाच्या ढोलीत बॅटरी, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली. तारेला मारलेल्या गाठी होडी बांधायच्या. लुकमानला त्या मीच शिकवल्यात.

तो मासे तळत होता. विचारलं तर मान वर केली नाही. म्हणे, "बाबा खूश झाले ना? तुझं काय गेलं ताई?"

माझं काय गेलं! नोकरी गेली. रोज होडीभर लोकांना छातीठोकपणे सांगत होते, काजवे परत आले — तो शब्द गेला. आणि असल्या उजेडात खऱ्या काजव्यांना जोडीदार दिसत नाही, ते फिरकणारसुद्धा नाहीत, हे या घरातल्या पोराला ठाऊक नाही? मी नियम मोडून जवळ जाणार नाही, याच भरवशावर फसवलं मला. सख्ख्या भावाने!

१३ मार्च
लुकमानशी बोलले नाही. जेवलेही नाही.

१४ मार्च
तार काढून आणली. संध्याकाळी बाबांपाशी बसले. समोर नुसता अंधार. काय सांगायचं ते मनाशी ठरवलं होतं, पण त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "लुकमानवर राग धरू नकोस. मीच बांधायला लावली ती. तू क्लांगला गेली असतीस."