पाटी नसलेला टेम्पो

मंगळवार, ११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे तसंच ड्रॉवरमध्ये सारणार असशील, तर आधी चार ओळी तरी वाच. तू फोन उचलत नाहीस असं मी सगळ्यांना सांगत फिरते. खरं म्हणजे दोनदा रिंग वाजली की मीच ठेवून देते.

दादाचे गुडघे कसे आहेत? महिन्यातून एकदा त्याचा फोन येतो. हवापाणी, औषधं, 'ही बरी आहे', की झालं. चार वर्षांत तो 'ये' म्हणाला नाही आणि मीही 'येऊ का' असं विचारलं नाही. माझं इथे उत्तम चाललंय. म्हणजे, चाललंय. भाजी अजून दोन माणसांची होते, हाताला सवयच तशी. मग तीच दुसऱ्या दिवशी. रेडिओ दिवसभर चालू असतो. कुणीतरी बोलतंय एवढंच बरं वाटतं.

बातमी अशी की माझा सत्कार आहे. हसू नकोस! गावातल्या सगळ्या सेवाभावी संस्थांचा महासंघ यंदा 'आदर्श नेतृत्व' म्हणून तेवीस तारखेला मला मानपत्र देतोय. त्यांच्या कार्यालयातली एक चुणचुणीत मुलगी घरी येऊन गेली. म्हणाली, "पुढच्या रांगेत घरच्यांसाठी चार खुर्च्या ठेवल्यात, नावं सांगा ना." मी म्हटलं, नंतर कळवते. मग ती मानपत्राचा मजकूर वाचायला देऊन गेली.

त्यात लिहिलंय, 'ज्यांच्या घरी बसायला खुर्ची नाही, निजायला पलंग नाही, त्यांना सामान पोचवताना त्यांचा मान राखणारी, पाटी नसलेल्या टेम्पोची पद्धत ज्यांनी घालून दिली...'

वहिनी, अगं, टेम्पोवर आपल्या संस्थेच्या नावाची पाटी तर मी रंगवायला टाकली होती! लाल अक्षरांत, दोन्ही बाजूंना. तू पेंटरच्या दुकानात जाऊन ती थांबवलीस. म्हणालीस, "वन्सं, दुकानातून आल्यासारखं सामान आलं पाहिजे. शेजारणीने विचारलं तर त्या बाईला ताठ मानेने म्हणता आलं पाहिजे, नवीन घेतलं." पुठ्ठा गुंडाळायची टूमही तुझीच. लोकांनी दिलेला जुना पलंग सुतारकाका दुरुस्त करायचे, तू पॉलिश मारायचीस आणि तो नव्यासारखा पुठ्ठ्यात बांधायचीस. मी वर तुलाच टोमणे मारायचे, जुन्या पलंगाचे काय हे लाड!

इथवर लिहून मी उठले, भांडी घासली, परत आले. पुढचं लिहायचं टाळतेय, हे तुला कळलंच असेल.

त्या शिवणकाम करणाऱ्या बाईचं लिहायचंय. पलंग पोचवला तेव्हा तिच्या दोन्ही मुली त्यावर उड्या मारत होत्या आणि मी पटकन फोटो काढला. विचारलं नाही. इतका सुंदर आला म्हणून वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर टाकला, आणि मोठा करून संस्थेच्या गेटवर लावला. मुलींच्या वर्गातल्यांनी तो पाहिला. 'फुकटचा पलंग' म्हणून त्यांना शाळेत चिडवलं. चौथ्या दिवशी सकाळी पलंग आपल्या दारात उभा. त्यावर आपलीच चादर, चार घड्या घालून.

बैठकीत सगळे विचारायला लागले, फोटोची परवानगी कुणी घेतली? मी म्हटलं, "वहिनीने विचारलं होतं."

तू समोर बसली होतीस. माझ्याकडे बघितलंस. मी कागद चाळत बसले. तू कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्यास आणि गेलीस. पुढच्याच महिन्यात दादाला घेऊन लेकीच्या गावी राहायला गेलीस. मी स्वतःला समजावलं, रुसली आहे, येईल. पलंगाचं पुढे काय झालं, हेही मी कधी विचारलं नाही.

परवा, रविवारी, बैठक होती. मानपत्र वाचून टाळ्या झाल्या. मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. फोटो माझा, खोटं माझं, टेम्पोची कल्पना वहिनीची. वाटलं, आता हे लोक माझ्या तोंडावर थुंकतील.

सुतारकाका खाली बघत होते. मग टेम्पोवाले म्हणाले, "ताई, बसा. आम्हाला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"किल्ल्या ठेवून गेल्या, त्याच संध्याकाळी वहिनींनी मला बोलावलं. पलंग पुन्हा पुठ्ठ्यात बांधला आणि आम्ही दोघं त्या बाईंकडे गेलो. त्या आत घेईनात. वहिनी दाराबाहेर तासभर उभ्या होत्या. माझ्याकडून चूक झाली, म्हणाल्या. शेवटी त्यांनी पलंग घेतला. येताना वहिनींनी मला बजावलं, ताईंना यातलं काही बोलायचं नाही. त्या खचल्या तर हे काम बंद पडेल."

चार वर्षं, वहिनी. मी ऑर्डरी सोडत होते, 'माझ्या शिस्तीमुळे माणसं टिकतात' म्हणून मिरवत होते आणि ही माणसं तुझ्या शब्दाखातर मला निभावून नेत होती. किती एकटी होते मी त्या खोलीत, आणि मला पत्ताच नाही. सगळे असताना एकटी.

महासंघाला कळवलं, मानपत्रावर नाव वहिनीचं घाला. ती मुलगी हसून म्हणाली, "ताई, किती तो नम्रपणा!" आता काय बोलणार? तेवीसला मी स्टेजवर जाणार आणि रविवारी सांगितलं तेच माईकवर सांगणार. तू आलीस तरी, नाही आलीस तरी.

माफी मागायला हे लिहायला बसले होते. पण तुला ओळखते मी. तू लगेच 'जाऊ दे वन्सं' म्हणशील, आणि ते मला सोसणार नाही. मला सांभाळून घेऊ नकोस आता. त्या बैठकीत किल्ल्या ठेवताना जे गिळलंस, ते मला येऊन ऐकव. चारचौघांत ऐकव. ओरड, भांड, हवं ते बोल. त्या दिवशी वर बघितलं नाही, आता तुझ्या डोळ्यांत बघून सगळं ऐकेन.

तुझा राग मागणारी,
तुझी वन्सं