फिंतासच्या समुद्रातली सुरमई

अम्मा, तुझे व्याही जाऊन महिना झाला. जाण्याआधी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती खरं तर तुझी आहे, आणि तुला जाऊन तर वीसावर वर्षं झाली. तरी लिहायला बसलोय.

एकसष्ट साल असावं. अब्बा गेल्यावर मी तुला कुवेतला आणलं, त्याला तीन महिने झाले होते. फिंतासला आपली एकच खोली, कोपऱ्यात स्टोव्ह. सकाळी दार उघडलंस की तू आधी वारा कुठून येतोय ते बघायचीस. आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क साहेब आपल्याच रत्नागिरीकडचे, मोठ्या घरचे. मुलीसाठी त्यांनी मला हेरलं होतं. आपल्या आंब्याच्या बागा आहेत, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं. तुझा बाप मासे मारायचा आणि लग्न होईतो तू त्याच्या होडीवर दोर धरायचीस, हे कळलं तर सोयरीक मोडेल अशी मला भीती होती.

एका शुक्रवारी त्यांनी आपल्याला सुरमई धरायला बोलावलं. लेकीची सासू जवळून बघायची होती, हे उघडच होतं. म्हाताऱ्या अरब नाखवाची लाँच, मागे पाण्यात सोडलेले दोन लांब दोर, टोकाला गळ आणि चकाकणारा पत्र्याचा चमचा. लाँच चालली की तो लहान माशासारखा पळतो आणि सुरमई त्याच्यावर झडप घालते. पण दोन तास झाले तरी काही लागत नाही. तू भाकऱ्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलीयस. शेवटी मला हळूच म्हणतेस, “होडी लय जोरात चाललीय रे. चमचा नुसता गरगरतोय.”

“अम्मा, गप्प बस,” मी दबक्या आवाजात म्हणालो. “तुला काय कळतं त्यातलं?”

तू गाठोड्याची गाठ आवळलीस. थोड्या वेळानं साहेबांच्या हाताला रग लागली. “भाभी, जरा धरता का?” म्हणत त्यांनी दोर तुझ्या हातात दिला. तू तो सगळा आत ओढलास, भाकरीच्या फडक्याची पांढरी चिंधी फाडून चमच्यामागे बांधलीस, दोर पुन्हा पाण्यात सोडलास, आणि नाखवाला हातानंच खूण केलीस, हळू. त्यानं निमूटपणे इंजिन मंद केलं. पाव तासात दोर ताणला. मी मदतीला धावलो तर म्हणालीस, “वाईच थांब. दमू दे त्याला.” सोडत होतीस, ओढत होतीस. तुझा चेहरा मी तसा कधीच बघितला नव्हता. हाताएवढी लांब सुरमई फळीवर आपटली तेव्हा नाखवानं छातीवर हात ठेवून तुझ्यापुढे मान लववली.

“भाभी, हे कुठं शिकलात?” साहेबांनी विचारलं.

तू माझ्याकडे बघत नाहीस. दोर गुंडाळत म्हणतेस, “इथं आल्यावर पोरानंच शिकवलं. घरात बसून कंटाळा येतो ना.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान डोलावली.

दुपारी त्याच सुरमईचं कालवण तू गावाहून आणलेली आमसुलं घालून केलंस. साहेब दोनदा वाढून घेऊन जेवले आणि त्या खोलीतच लग्न ठरलं. पुढे किती वेळा बोलावणं आलं, पण तू लाँचवर पुन्हा चढली नाहीस. पाणी बाधतं, म्हणायचीस.

गेल्या महिन्यात दवाखान्यात त्यांनी मला जवळ बसवलं. म्हणाले, “तीन महिन्यांत कुणाला असा दोर धरता येत नाही. मला तेव्हाच कळलं होतं. मुलाची लाज राखणारी बाई आहे, हिच्या हाताखाली मुलगी सुखात राहील, म्हणून दिली. बागा बघून नाही.”

हा कागद पाठवायला पत्ता नाही. मीच पुन्हा वाचीन आणि ठेवून देईन. फक्त एक कबूल करतो. त्या दिवशी तू माझ्यासाठी खोटं बोललीस, तेव्हा मला लाज वाटली नाही. सुटलो, एवढंच वाटलं, आणि दुपारी मी पोटभर जेवलो.