कानात घालायचे बोळे

उस्ताद, सरकारी माणूस गोड बोलायला लागला की मी अजूनही तुमच्यासारखा आधी त्याच्या चपलेकडे बघतो. फिरणाऱ्याची चप्पल झिजलेली असते, तुम्ही म्हणायचे. मागच्या महिन्यात जो आला त्याची कोरी करकरीत होती. "सेठजी, आप नई मशीन लगाइए, कामगारों की ट्रेनिंग का खर्चा सरकार देगी." मी चहा पाजला आणि विचारलं, "और सरकार को क्या मिलेगा?" त्यानं हसून अर्ज पुढं सरकवला. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्या भैंसा गावातल्याच एका तेलाच्या कारखान्यात असलं शिक्षण झालं होतं. बॅनर, फोटो, उपमा, आणि दुपारी सगळे घरी. म्हणून मी म्हटलं, आधी माझ्या शेडमध्ये शिकवून दाखवा, मशीनचं मग बघू.

शिकवायला एक तरुण मॅडम आली. मी पत्र्याच्या आडोशाला खुर्ची टाकून कान देऊन बसलो. कान देणं तुमचंच शिकवणं. पहिला हंगामभर तुम्ही मला सरकी काढणाऱ्या रेच्याला हात लावू दिला नाही, शेजारी डोळे मिटून बसवलं. कापसातून खडा गेला की रेच्यातल्या सुरीचा आवाज बदलतो, तो ओळखायचा. एकदा मी गुणगुणत होतो आणि खडा निसटला. तुम्ही मशीनचा पट्टा उतरवून रेचा थांबवला आणि शांतपणे म्हणालात, "गानं घरी म्हन. इथं रेचा म्हनून राह्यला." त्या एका कानावर मी ही जिनिंग उभी केली, उस्ताद.

मॅडम हिंदीत सुरू झाली, तेलुगूत गेली, कामगार बायांचे चेहरे बघून मोडक्या मराठीवर आली. मी हसतोय. तेवढ्यात ती कानात घालायचे स्पंजाचे बोळे वाटते आणि माझं डोकं फिरतं. आत जाऊन विचारतो, "मॅडम, कान बंद केल्यावर रेचा काय म्हणतो ते कसं कळणार?"

तिच्या आधी कापूस टाकणारी आमची म्हातारी बोलली, "शेठ, रेचा म्हन्ते ते आमाले आयकू येते. घरी नातू म्हन्ते ते येत नाही."

बाया खो खो हसल्या. मीही हसलो, आणि हसता हसता तुमचं स्वयंपाकघर दिसलं. काकू चुलीपाशी, "आयकता का, भाकर थंडी होऊन राह्यली," आणि तुम्ही हातभर अंतरावर भिंतीकडे बघत. आम्ही म्हणायचो, उस्तादांचं ध्यान लागलं. अखेर काकू ताट तुमच्या हातात आणून द्यायच्या. शेडच्या दुसऱ्या टोकाचा खडा मात्र तुम्हाला तेव्हाही कळायचा.

बोळे घालून मी रेच्यापाशी उभा राहिलो. घरघर खाली बसली, सुरी वेगळी ऐकू आली. मशीनच्या अर्जावर मी सही केली. त्या सरकारी माणसावर विश्वास बसला असं नाही. पैसे येतील तेव्हा येतील, आणि नवी मशीन आली की बाया कमी करा म्हणेल, हेही मला आत्ताच ऐकू येतंय. बोळे मात्र रोज वाटतो.

तुम्ही गेल्यावर हा कागद कुठं धाडणार? खणातच राहील. एवढंच सांगायचं होतं. घरी टीव्ही मी फार मोठ्यानं लावतो. बायको विचारते तेव्हा सांगतो, टीव्ही बिघडलाय.