मागावरचा गुंता

अब्बा, संग्रहालयात दिलेला तुमचा माग मागच्या आठवड्यात बघून आलो. त्याचं काय केलंय ते तुम्हाला सांगायलाच पाहिजे, कारण त्या लोकांवर विश्वास तुम्ही ठेवला होता, मी नाही.

मी गारखेड्यात झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करतो. संग्रहालयाची डागडुजी झाली, म्हणून त्याच्या इतिहासाचा फलक टाईप करायला आमच्याकडं आला. ‘संस्थेने गावोगाव फिरून दुर्मिळ वस्तू शोधून काढल्या.’ मी ऱ्हस्वदीर्घ दोनदा तपासले आणि दातओठ खात छापून दिलं. कोण फिरलं, अब्बा? सुरुवातीला बंद शाळेच्या दोन रिकाम्या खोल्या होत्या नुसत्या. कागद बनवणारे चाचा आपले साचे डोक्यावर घेऊन आले. तुम्ही माग सुटा करून हातगाडीवर चढवला. नक्षीच्या दोऱ्या मात्र सोडवल्या नाहीत, अख्खा जुडगा चादरीत बांधून छातीशी धरलात. उद्घाटनाला त्यांनी तुमच्या खांद्यावर शाल घातली. हातानं हिमरू कापड विणणाऱ्या माणसाला मशीनवरची शाल! तुम्ही तिच्यावरून अंगठा फिरवलात आणि हसलात. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

त्याहून जास्त राग माग नेला त्या सकाळचा येतो. अम्मी चुलीपाशी बसून म्हणते आहे, “घर में बच्चा है ना, उसकू सिखाओ.” आणि तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणता, “इसके से नई होता. वो लोगां संभालते.” मी समोरच जेवत होतो. शाळा तर तुमच्या आजारपणात सुटली, आणि माग तुम्ही आधीच देऊन बसला होता. मला काय उरलं?

तर त्यांनी असं संभाळलं. काचेच्या मागं माग उभा आहे, लाकडाला पॉलिश, खाली दिवे. वर, जिथं नक्षीच्या दोऱ्या टांगलेल्या असायच्या, तिथं काहीच नाही. ईदच्या साफसफाईतसुद्धा त्या दोऱ्यांना झाडू लावायची अम्मीला मनाई होती. कोळिष्टकं तुम्ही मोरपिसानं काढायचात. मी एकदा गंमत म्हणून एक दोरी ओढली, तर विणायच्या धोट्यानं बोटांवर मारलं होतंत. एकेका गाठीनं ठरायचं, कुठला धागा उचलायचा आणि कुठला नाही. तुमची सगळी वेलबुट्टी तिथं बांधलेली होती, दुसरीकडं कुठंच नाही.

तिथल्या साहेबांना विचारलं, “वरच्या दोऱ्या कुठंयत?”

“काढल्या हो. लई गुंता झाला होता, धूळ बसलेली. कात्रीनंच कापाव्या लागल्या. आता बघा, फोटो कसा झकास येतो!”

“साहेब, त्या गुंत्यातच नक्षी होती.”

“तुम्ही कोण?”

“ज्यांनी माग दिला, त्यांचा मुलगा.”

“मग एवढी वर्षं कुठं होता, दादा?” शेजारचा शिपाई फिसकन हसला. साहेब पुढं म्हणाले, “एवढं कळतंय तर बांधून द्या की! आम्ही नाय म्हणतोय का?”

माझे कान तापले. हात खिशात घातले. “देतो,” म्हणालो.

बाजारातून सुती दोरा आणलाय. रोज कामावरून आलो की दाराच्या कडीला दोऱ्या बांधून बसतो. तुमच्या बोटांची चाल आठवायचा प्रयत्न करतो, आणि प्रत्येक वेळी बोटांआधी तो धोटाच आठवतो. मी तुमच्यावर चिडलोय, अब्बा, त्यांच्यापेक्षा जास्त. त्यांनी अडाणीपणानं कापलं. तुम्ही जाणून दिलं.

हा कागद घडी घालून कुठं ठेवायचा, तेही कळत नाही. तुमच्या कबरीवर ठेवला तर वाऱ्यानं उडून जाईल, आणि कुणीतरी वाचेल. म्हणून माझ्यापाशीच राहील. एक गोष्ट त्या साहेबांना सांगितली नाही, अम्मीलाही नाही. मला त्यातली एकही गाठ येत नाही. पहिली कुठून बांधायची, अब्बा?