बाबांच्या रक्ताचे साडेतेरा सेकंद

तीर्थरूप आत्यास भाच्याचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? जिना चढू देतात ना? आधी हे सांगून टाकतो : बाबा ठणठणीत आहेत. गेल्या आठवड्यात फोनवर त्यांनी तुझा जो कायमचा निरोप घेतला, तो रद्द समजावा.

झालं असं, की हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त किती वेळात गोठतं ते बघतात. तपासणी आमच्याच लॅबमध्ये (घरचं कार्य असल्यासारखा मी मिरवत होतो). तेरा-चौदा सेकंद लागायला हवेत. बाबांचं रक्त दोन मिनिटं झाली तरी गोठेना. यंत्राने हात टेकले. सर्जनने ऑपरेशन पुढे ढकललं आणि 'मोठ्या तपासण्या करू' हे अशा आवाजात सांगितलं, की आईने खुर्चीचा आधार घेतला. बाबांनी घरी येऊन निरवानिरव सुरू केली. रेडिओ शेजाऱ्यांना, मोडकी छत्री मला आणि बारा वर्षांच्या अबोल्यानंतर तुला फोन. आईने सुऱ्या कुलुपात ठेवल्या. तीन दिवस आम्ही भाजी हाताने मोडून शिजवली. आत्या, आज हसू येतंय, पण तेव्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की मला पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं.

चौथ्या दिवशी बाबा पुन्हा रक्त द्यायला आले, हनुवटीवर कापसाचा बोळा. आमच्या लॅबच्या मोठ्या बाईंनी विचारलं, "हे काय?"

"दाढी करताना कापलं."

"रक्त थांबायला किती वेळ लागला?"

"छे, आरसा पुसेपर्यंत थांबलंसुद्धा!"

बाई माझ्याकडे वळल्या. "पहिला नमुना कोणत्या नळीत घेतला होता?"

या तपासणीला निळ्या टोपणाची नळी लागते. तिच्यातलं औषध रक्तातलं कॅल्शियम तात्पुरतं धरून ठेवतं. यंत्रात वरून कॅल्शियम घातलं की गोठणं सुरू. दुसऱ्या तपासण्यांसाठी घेतात त्या जांभळ्या नळीतलं औषध मात्र कॅल्शियमच्या मानगुटीवर बसलं की उठत नाही. बाबांची शीर सापडेना, निळी नळी अर्धीच भरली, म्हणून कुणा शहाण्याने जांभळीतलं रक्त तिच्यात ओतून भरायच्या खुणेची रेघ गाठली होती!

नव्या निळ्या नळीत नीट रक्त घेतलं. साडेतेरा सेकंद. मी आकडा तीनदा वाचला.

"म्हणजे मी मरत नाही?" बाबांनी विचारलं.

"आज तरी नाही," बाई म्हणाल्या.

आई ढसाढसा रडली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "चला, सुरीने भाजी चिरते." परवा ऑपरेशन सुरळीत पार पडलं. बाबा आता पलंग, उशी आणि शेजारच्या पेशंटचं घोरणं यांच्याबद्दल तक्रारी करतात. आम्हाला त्या ऐकाव्याशा वाटतात.

तुझा, पोटभर झोपलेला,
भाचा

ता. क. फोनवर बाबा म्हणाले होते, की भांडणात चूक त्यांचीच होती. ते विधान चुकीच्या रिपोर्टवर आधारलेलं असल्यामुळे मागे घेतलंय, असं कळवायला त्यांनी सांगितलंय. तू मात्र ते परत देऊ नकोस. रविवारी भेटायला ये. ते विचारत नाहीत, पण दाराकडे बघतात.

आणखी एक. तो शहाणा मीच. बाईंनी माझी खरडपट्टी काढली आहे. बाबांना अजून माहीत नाही. आलीस की नळ्यांचा विषय तेवढा काढू नकोस.