डबा रिकामा पाठवू नये

छत्रपती संभाजीनगर
शनिवार, १२ जुलै २०२५

प्रिय बद्री,

सप्रेम नमस्कार. तू कुशल असशील. पत्रात असं लिहायची चाल आहे म्हणून लिहिलं; तू कुशल नाहीस हे काल द्वारकावहिनींच्या चेहऱ्यावरूनच कळलं. इकडं आम्ही ठीक. माझा गुडघा चढताना बोलतो, उतरताना ओरडतो.

वहिनी काल संध्याकाळी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या. पाणी प्याल्या, गुडघ्याची चौकशी केली, माझ्या पुस्तकांवरच्या धुळीची केली. माझ्या प्रांजलीची तेवढी राहिली. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "भावजी, आमच्या शिवराजचं तेवढं बघा." लाडू उत्तम होते. आलेला डबा रिकामा परत पाठवू नये, असं आमच्या आईचं सांगणं. म्हणून त्यात हे पत्र ठेवून पाठवतोय. लाडवापेक्षा कडक निघालं तर सावकाश चावून खा.

तुझे फोनही येऊन गेले. उचलले नाहीत. फोनवर तू बोलणार आणि मी हो म्हणणार, ही आपली वसतिगृहातल्या खोलीपासूनची वहिवाट. कागदावर मला मध्येच कुणी तोडत नाही.

विद्यापीठाची हकिकत तुला ठाऊक आहेच. पण तू विद्या परिषदेतला माणूस; पायऱ्या चढून जातोस, पायऱ्यांवर कोण बसलंय ते बघायची तुला सवय नाही. अभियांत्रिकीची पोरं आठवडाभर तिथं ठाण मांडून आहेत. मागणी साधी आहे. पहिल्या वर्षाचा एखादा विषय राहिला म्हणून तिसऱ्या वर्षाचं दार बंद करू नका. राहिलेला विषय सोबत घेऊन पुढं जाऊ द्या. याला ती 'कॅरी ऑन' म्हणतात. कुलगुरूंनी मागणीवर सहानुभूतीपूर्वक विचार केला, म्हणजे समिती नेमली. अध्यक्ष मी. अभियांत्रिकीचा माणूस नेमला तर पोरं चिडणार, पोरांच्या मर्जीतला नेमला तर प्राचार्य चिडणार. संस्कृतचा माणूस कुणाच्याच अध्यात नसतो, हा आमच्या विषयाचा एकमेव व्यावहारिक उपयोग.

चार सदस्य. दोन इकडं, दोन तिकडं. निर्णायक मत अध्यक्षाचं. मेंढरं राखणाऱ्याच्या पोरावर नियती एवढी प्रसन्न क्वचितच होत असेल. तुला आठवतं का, मी खोलीत पाठांतर करायला बसलो की तू विचारायचास, "अज्या, हे मेंढरांना कळतं का रं?" तेव्हा सगळी खोली हसायची. मीही हसायचो.

समितीपुढं पोरांच्या वतीनं सोनिया नावाची मुलगी आली. बजाजनगरची, वडील वाळूजला कंपनीत कामाला. प्राचार्यांनी तिला समजावलं की एक वर्ष म्हणजे काही आभाळ कोसळत नाही. ती म्हणाली, "सर, तुमच्या घरात एक वर्ष म्हणजे एकच वर्ष असेल. आमच्यात मुलगी एकदा घरी बसली की बसलीच."

मी तिला पाणी द्यायला सांगितलं. खरं तर मलाच हवं होतं.

अडकलेल्या मुलांत शिवराज असल्याचं कळलं तेव्हा मी चष्मा पुसला. तू तर आपल्या वसतिगृहातल्या मुंजाबाच्या मुलीच्या लग्नात सगळ्या मांडवाला सांगत होतास, पोरगं तिसऱ्या वर्षाला गेलं, आत्तापासूनच पुण्याची कंपनी मागं लागलीय. पहिल्या वर्षाचं गणित अजून राहिलंय, हे सांगणं अनवधानानं राहून गेलं असावं. एवढ्या गर्दीत होतं असं.

आता दोन वर्षांपूर्वीचं. ते टाळावं म्हणूनच एवढा उपोद्घात केला, पण पत्र काही ऐकत नाही.

प्रांजलीला पहिल्या वर्षाच्या परीक्षेत डेंग्यू झाला आणि मेकॅनिक्सचा पेपर बुडाला. पुढच्या खेपेला तो थोडक्यात राहिला. दुसरं वर्ष ती चांगल्या गुणांनी पास झाली, तरी तिसऱ्याचं दार बंद. अपवादाचे अर्ज ऐकणाऱ्या समितीवर तेव्हा तू होतास. मी आयुष्यात कधी कुणाकडं शब्द टाकला नव्हता. तुझ्याकडं आलो, औरंगपुऱ्यातल्या घरी. तू मला बसवलंस, चहा मागवलास आणि म्हणालास, "नियम म्हंजे नियम, अज्या. उद्या माझं पोरगं अडकलं तरी मी हेच म्हणणार."

या वाक्यावर माझा राग नाही. वाक्य बांधेसूद होतं. मी वर्गातही सांगायचो, आमचा बद्री कडक आहे, पण सरळ आहे.

राग पुढच्या वाक्यावर आहे. ते तू बशीत चहा ओतता ओतता सहज बोललास: "आन पोरीचीच तर जात हाय. बसू दे वर्षभर घरी, स्वैपाक तरी शिकंल."

तुला वाटलं, मी एकटाच आलोय. प्रांजली बाहेर जिन्यात होती, चपला काढत. आमच्याकडं देहलीदीपन्याय म्हणून एक न्याय सांगतात: उंबऱ्यावर ठेवलेल्या दिव्याचा उजेड आतही पडतो आणि बाहेरही. तुझं वाक्य तसंच होतं. मी बाहेर आलो तेव्हा तिनं पुन्हा चपला घातल्या होत्या. काही दिवसांनी तिनं शेंद्र्याच्या एका कंपनीत सुटे भाग तपासायचं काम धरलं. मेकॅनिक्सच्या परीक्षेला पुन्हा बसायची संधी आली, ती गेलीच नाही. पुस्तकं बांधून कपाटावर ठेवली. माझी पोरगी, जी जेवताना पंख्याची गती मोजायची, ती आता कंपनीच्या बसची वेळ तेवढी सांगते.

तर बद्री, असं आहे. सोमवारी अकरा वाजता विद्या परिषद आहे. समितीचा अहवाल मांडायला मला बोलावलंय. माझं निर्णायक मत काय, ते तुला कळलेलं नाही आणि वहिनींच्या लाडवांनाही कळलेलं नाही. अहवाल वाचायच्या आधी तू उभा राहायचंस. सांगायचंस, की माझा मुलगा शिवराज अडकलाय. सांगायचंस, की दोन वर्षांपूर्वी मी प्रांजलीला अडवलं. आणि ते दुसरं वाक्य सगळ्यांसमोर म्हणायचंस, जसंच्या तसं, स्वैपाकासकट. मग म्हणायचंस, मी चुकलो.

तू याला धमकी म्हणशील. आम्ही प्रायश्चित्त म्हणतो. ते चारचौघांतच घ्यायचं असतं. घरात घेतलं तर त्याला नुसती आंघोळ म्हणतात.

वहिनींना नमस्कार. डबा घासून पाठवलाय.

उभा राहिलास तर तुझा,
बसून राहिलास तर नियमाचा,
अज्या


छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, १५ जुलै २०२५

प्रिय बद्री,

नमस्कार. आज कुशल विचारत नाही.

काल तू उभा राहिलास. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला तेव्हा कुलगुरूंना वाटलं, तू बाहेर निघालास. शिवराजचं नाव तू पटकन घेतलंस. प्रांजलीचं घेताना पाण्याचा पेला शोधलास. 'स्वैपाक' या शब्दावर तुझ्या शेजारच्या प्राचार्यबाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवून तुझ्याकडं बघितलं. ते बघणं मी जपून ठेवलंय. म्हातारपणी उपयोगी पडेल.

मग अहवाल वाचला गेला आणि मंजूर झाला. या वर्षीच्या पोरांना पुढं जायची मुभा, आणि मागच्या वर्षांत अडकून घरी बसलेल्यांनाही. खाली पायऱ्यांवर जल्लोष झाला तेव्हा तू खिडकीशी होतास, पाठमोरा.

आता एक कबुली. त्या अहवालावर मी पोरांच्या बाजूनं मत देऊन सही केली, ती शुक्रवारी दुपारी. वहिनी यायच्या आधी, लाडू खायच्या आधी, तुला पत्र लिहायच्या आधी. तू बसून राहिला असतास तरी शिवराज तिसऱ्या वर्षाला गेलाच असता. तुझं उभं राहणं कुणाच्याही उपयोगाचं नव्हतं, माझ्याखेरीज.

तू चिडशील. चिड. पण रात्री एकदा विचार कर. एवढ्या पोरांचं वर्ष मी तुझ्या एका वाक्यासाठी अडवून धरीन, हे तुला क्षणभरही अशक्य का वाटलं नाही? मी सांगतो. माझ्या जागी तू असतास तर अडवलं असतंस.

घरी येऊन प्रांजलीला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "ते वाक्य म्हणताना काका बसलेले होते का उभे?" म्हटलं, उभा होता. ती म्हणाली, "मीपण उभीच होते." एवढंच. मग स्टूल घेऊन कपाटावरची पुस्तकं खाली काढली. धूळ मला पुसायला लावली.

कॉलेज आणि शाखा एकच, म्हणजे आता ती आणि शिवराज एकाच वर्गात असणार. त्याचं गणित राहिलंय, तिचं चांगलं आहे. लागलं तर ती समजावून देईल, तेवढी ती माझ्यापेक्षा बरी आहे. फक्त घरी आल्यावर त्याला रोज विचारत जा, आज कुणी शिकवलं म्हणून.

पेढ्यांचा डबा काल रात्री पोचला. हाही रिकामा पाठवत नाही. आत शेंगदाण्याची चटणी आहे, मी कुटलेली. शिवराजला मात्र सांगून ठेव, कॉलेजात डबा विसरला तर प्रांजलीकडं हात पसरू नकोस. दोन वर्षं झाली, पोरगी अजून स्वैपाक शिकलेली नाही.

तुझा,
अजिनाथ
(अज्या म्हणायचं आता सोड.)