बुधवारचे दोरे

सोलापूर,
बुधवार, १३ ऑगस्ट २०२५

चि. सुकन्या,

तुला, आदिनाथरावांना आणि माझ्या उत्कर्षाला आप्पाचे मनापासून आशीर्वाद. मी बरा आहे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस जेवढा बरा असतो तेवढा. नळाला चार दिवसांनी पाणी येतं, तेही पहाटे. बादल्या भरल्या की दिवसाचं निम्मं काम झाल्यासारखं वाटतं आणि मी परत आडवा होतो. हल्ली आडवं होणं फार आवडायला लागलंय.

फोनवर तू दोनदा विचारलंस, "आप्पा, ऑक्टोबरचं तिकीट काढू ना? या वेळी कायमचं यायचं." दोन्ही वेळा मी म्हणालो, आवाज तुटतोय. आवाज चांगला येत होता. उत्तर देता येईना, म्हणून कागद घेतला. जन्मभर फळ्यावर लिहिलेल्या माणसाला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं.

तर कारणं अशी. गुडघे. तुमच्या हॉलंडातली थंडी. तुझ्या आईचा फोटो इथे भिंतीवर आहे, तिला एकटीला कसं ठेवायचं? शिवाय निवडणुका येतील, माझं मतदान इथे आहे. हे शेवटचं वाचून तू हसशील. हस.

पण तिथे मला करमलं नाही, असं मनात आणू नकोस. साडेतीन महिन्यांत जेवढं नवं पाहिलं तेवढं इथे तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. तुम्ही दोघं कामावर, उत्कर्षा शाळेत. तुला वाटायचं, आप्पा खिडकीत पुस्तक वाचत बसलेत. पुस्तक उघडं असायचं, आप्पा नसायचे.

तुमच्या मंगळवारच्या बाजारात एक बाई कच्चा मासा विकते, वर बारीक चिरलेला कांदा. लोक शेपटी धरतात, मान वर करतात आणि मासा तोंडात सोडतात. तीन मंगळवार मी नुसता उभा राहून बघितलं. चौथ्या मंगळवारी तिनं न विचारता एक मासा माझ्या हातात ठेवला आणि काहीतरी म्हणाली. भाषा कळली नाही, पण सूर थेट आपल्या शेजारच्या नागम्माचा होता, "घ्या हो, किती बघताय!" मी डोळे मिटून मान वर केली. तुझी आई असती तर आठ दिवस माझ्या ताटाला शिवली नसती. चव म्हणशील तर खारट, गार. लहानपणी माण नदीत बुडी मारताना नाकातोंडात पाणी गेलं की जसं वाटायचं, तसं काहीसं. मी आणखी एक मागून घेतला.

कालव्याकाठच्या बाकावर माझ्याच वयाचा एक जण येऊन बसायचा. त्याला माझी भाषा नाही, मला त्याची नाही. एकदा मी आपला सवयीनं तिसरीच्या पुस्तकातली एक कविता चालीवर गुणगुणत होतो. त्यानं कान दिला. माझी संपल्यावर काठी आपटत त्यानं त्याची एक म्हटली. शाळेतलीच असणार, मोठेपणी वाचलेली कविता कुणी असे पाय हलवत म्हणत नाही. मग रोज एक माझी, एक त्याची. नाव विचारायचं राहून गेलं.

आणि मेंढरं! पुलापलीकडच्या माळावर दीडशेक मेंढरं चरायला असतात, राखणीला एक बाई आणि एक कुत्रं. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी कुंपण धरून उभाच राहिलो. मग राहवेना. माझ्या बाबांसारखी जीभ टाळूला लावून हाळी दिली, "हुर्र्र हाऽऽ." सुकन्या, पन्नासेक माना एकदम वर झाल्या. त्या गावात माझं बोलणं कळणारी तेवढीच.

तुझे आजोबा, भिमा, सांगोल्याकडून मेंढरं घेऊन आठ-आठ महिने बाहेर असायचे. वाट फुटली की तिथल्या बाभळीला लोकरीचा पुंजका बांधायचे. मी एकदा विचारलं, "तुम्हाला तर वाट पाठ आहे, मग कशाला?" तर म्हणाले, "मला कशाला लागतीया? मागनं बिऱ्हाड येतंय की. बाया-पोरं हायती. त्यास्नी कळाय नगं व्हय?" पुढे मी शाळेत पडलो, मास्तर झालो, आणि माझ्याकडून ती वाट सुटली ती सुटलीच.

इथलं नवीन म्हणजे एवढंच की नागम्मानं काल दोरीवर माझी चादर पाहिली. तुझ्याकडे आणली होती तीच, लाल. नागम्माचा जन्म टॉवेल-चादरींच्या काठाचे सुटे दोरे, दशा, वळण्यात गेला, तिच्या नजरेतून काठ सुटतोय होय! म्हणाली, "गुरुजी, एका अंगाच्या दशा कुठं गेल्या हो? फॉरेनचं उंदीर खाल्लं काय?"

मी म्हणालो, "वॉशिंग मशीनमध्ये गेल्या."

"मशीन काय एकेक मोजून खातंय?"

मी चहा ठेवायला आत गेलो.

तिकिटाचं एवढ्यात बघू नकोस. त्या संध्याकाळी तू जे बोललीस त्याचा मला राग नाही, हेही परत एकदा लिहितो. उत्कर्षाला सांग, आजोबांना बुधवारची आठवण येते. आता थांबतो. आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी येतं, तेही पहाटे, तेव्हा लवकर उठावं लागतं.

तुझा,
आप्पा


सोलापूर,
बुधवार, १७ सप्टेंबर २०२५

चि. सुकन्या,

आशीर्वाद. या वेळी हवापाण्याचं काही लिहीत नाही. मागच्या पत्रात नळाचं मी दोनदा लिहिलं, असं तू फोनवर हसत सांगितलंस. तू हसलीस. मी फोन ठेवून ते पत्र ओळीओळीनं आठवायला बसलो.

पण पत्र त्यासाठी नाही. तू म्हणालीस, उत्कर्षानं दप्तराला दोरा बांधलाय, सायकलला बांधलाय, जिन्याच्या कठड्याला, शाळेच्या फाटकाला. बाईंनी तुला बोलावून घेतलं. हे काय चाललंय विचारलं तर पोर एवढंच म्हणते, "आजोबांना विचार. मी प्रॉमिस केलंय." सात वर्षांची मुलगी तीन महिने तोंड शिवून बसली आहे. शिवलं ते मी. खरं बोला, खरं बोला म्हणून पोरांच्या हातावर छड्या मारणाऱ्यानं.

तर आता लिहितो. मध्ये थांबलो तर परत धीर होणार नाही.

चादरीच्या दशा मी उपटल्या. तुमच्या गावात डोंगर नाही, टेकाड नाही, घरं सगळी एका विटेची, एका उंचीची. सोलापुरात मी कधी चुकलो नाही. तिथे दुसऱ्याच आठवड्यात दोनदा चुकलो. तेव्हा वाटलं, परका मुलुख आहे, होतं असं. मग बाबांची आठवण झाली. चादरीचा एकेक लाल दोरा काढायचा आणि वळणावरच्या खांबाला बांधायचा. बाजाराच्या वळणाला, बाकाच्या वळणाला, पुलापलीकडे माळाच्या वाटेला. मला त्यात फार मजा वाटत होती. या वयात कुणाला न सांगता काहीतरी करतोय, याची मजा.

बुधवारी उत्कर्षाची शाळा लवकर सुटते, तिला आणायला मी जायचो. एका बुधवारी तिनं दोरा पाहिला आणि विचारलं, मी सांगितलं. तिचे डोळे असे झाले! पुढचे दोरे तिनंच बांधले. पाववाल्यापासून घरापर्यंतच्या वाटेवर मी तिला चार ओळीही करून दिल्या होत्या, चालीसकट:

पावाचं दुकान, उजवा हात,
कालव्याकाठी बदकं सात,
पुलावर वाजती चारच पाय,
निळ्या दारात उभी माझी माय.

बदकं कधी पाच असायची, कधी नऊ. ती दर वेळी थांबून मोजायची आणि मला म्हणायची, "आजोबा, तुमची कविता चुकली."

आता तो जूनचा बुधवार. आम्ही मेंढरं बघून निघालो. माळाची वाट संपते तिथे खांब आहे. पालिकेच्या माणसांनी त्या दिवशी दोरे काढून टाकले होते, त्यामुळे आम्ही चुकलो. असं मी परवा लिहिलं होतं. अख्खं पान भरलं होतं. आज ते फाडलं.

दोरे जागच्या जागी होते, सुकन्या. मी खांबापुढे उभा राहिलो. लाल दोरा वाऱ्यावर हलत होता. मी तो बोटांत धरला आणि मला कळेना, हा कुणी बांधलाय. कशाला बांधलाय. हा रस्ता कुठला. माझ्या हातात एका लहान मुलीचा हात होता. ती कोण, हे ठाऊक होतं की नाही, ते आज शपथेवर सांगता येणार नाही. मी तिला विचारलं, "बाळ, हा दोरा कुणाचा गं?"

ती आधी हसली. तिला वाटलं, मी खेळतोय. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हसू गेलं. "आजोबा, तुम्हीच बांधलाय."

किती वेळ उभे होतो माहीत नाही. शेवटी तिनं माझा हात ओढला आणि कविता सुरू केली. मीही म्हणू लागलो. ऐक, म्हणजे तुला माझी अवस्था कळेल: चारही ओळी मला पाठ होत्या. चाल बरोबर, शब्द बरोबर. पाववाला कुठे आहे ते मात्र माहीत नव्हतं. ती एका दोऱ्यापासून दुसऱ्याकडे मला नेत होती आणि मी आपला मेंढरासारखा मागून गात चाललो होतो. पुलावर आल्यावर डोक्यातलं धुकं गेलं. सगळं परत दिसायला लागलं. आणि दिसायला लागल्याबरोबर मी पहिलं काम काय केलं? वाकून तिला म्हटलं, "आईला सांगायचं नाही हं. आपलं गुपित."

निळ्या दारात तू उभी होतीस. दोन तास शोधून रडकुंडीला आलेली. पोरीनं तुला तोंडच उघडू दिलं नाही. म्हणाली, "मी हट्ट केला. मेंढरं बघायची म्हणून मीच थांबले." तू तिच्यावर ओरडलीस, बुधवारचं फिरणं बंद केलंस. आणि मला म्हणालीस, "आप्पा, ती लहान आहे, तुम्ही पण लहान आहात का?"

तेव्हा बोलायला हवं होतं. मी खाली मान घालून जोडे काढले. तुझ्या त्या वाक्याचा मला राग आला नव्हता, पण रागावल्याचं सोंग सोयीचं पडलं. दोन आठवडे गप्प राहिलो आणि परत आलो. आपल्या बोलण्यानं बाप घर सोडून गेला असं समजून तू तीन महिने काढलेस. तिकडे पोरीनं माझी वाट चुकू नये म्हणून सगळ्या गावाला दोरे बांधायला घेतले. मी इथे आडवा पडून होतो.

इथल्या एका डॉक्टरांना दाखवलं. नागम्माच बरोबर आली. त्यांनी विचारलं, "गुरुजी, आज वार कोणता?" मला पटकन येईना, म्हणून मी म्हटलं, कविता म्हणून दाखवू का? हवी ती सांगा, पहिली ते चौथी. ते हसले. म्हणाले, "कविता राहतील गुरुजी. त्या सगळ्यात शेवटी जातील. वाराचं सांगा." गोळ्या दिल्या आहेत. वाढू नये म्हणून आहेत, परत येण्यासाठी नाहीत, हेही सांगितलं.

येताना नागम्माला चादरीचं खरं सांगून टाकलं. ती चेष्टा करील असं वाटलं होतं. केली नाही. चादर मांडीवर घेतली, उपटलेल्या काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "निघालेलं येत नाही हो गुरुजी. राहिलेलं वळून गाठ मारते. पुढं उसवायचं थांबतंय." दुपारभर बसून तिनं गाठी मारल्या.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. गुडघे, थंडी, मतदान, सगळं खोटं होतं. आईच्या फोटोचं तर फारच खोटं. तो पिशवीत मावतो, आणि तिला विमानात बसायची हौस होती. मला यायचं आहे. हे एक वाक्य लिहायला सगळ्यात जड गेलं, कारण काय येतंय तुझ्या घरी, ते तुला न सांगता यायचं नव्हतं. आता वाच, आदिनाथरावांना वाचून दाखव, आणि मग ठरवा. नको म्हणालात तरी नागम्मा आहे, डॉक्टर आहेत, इथली प्रत्येक गल्ली मला निदान अजून ओळखते. मी समजून घेईन. ये म्हणालात तर बुधवारी उत्कर्षाला आणायला मी जायचं नाही. तुमच्यापैकी कुणी जा, आणि मेंढरं बघायला निघालात तर मला मागे घ्या. मला मागून चालता येतं, ते त्या दिवशी कळलं.

तिला आज जवळ घेऊन सांग, आजोबांनी स्वतः सांगितलं. तुझं प्रॉमिस मोडलं नाही, संपलं. तिचं खोटं खरं मानून तू तिच्यावर ओरडली होतीस, त्याचं काय करायचं ते तूच बघ. माझ्या वाटणीची माफी मी तिच्याकडे समोर मागेन, किंवा फोनवर, पण मागेन. दोरे तू सोडू नकोस. तिचे तिला सोडू दे. तुमच्या निळ्या दाराला तिनं एक ठेवला तर राहू दे.

आणखी काय? खाली नाव-पत्ता पूर्ण लिहिला आहे. तुला तो माहीत आहे. हे माझं रोजचं पाठांतर आहे. कुठे न बघता लिहिलं.

तुझा बाप,
धुळाप्पा भिमा खांडेकर, निवृत्त शिक्षक,
नागम्माच्या शेजारचं घर, विडी घरकुल,
कुंभारी, सोलापूर ४१३००६

पिन कोड तेवढा नागम्माच्या लाइट बिलावरून घेतला.